आबांचा तंबू गळत नाही

तंबूला कधी कुणी कडी लावलेली पाहिली का? मी पाहिली. आमच्या घरमालकांनी लावली होती, आबांनी. चांगली लोखंडी कडी, दाराला असते तशी, तंबूच्या दाराच्या पडद्याला सुतळीनं शिवून टाकलेली, आणि बाजूच्या कापडाला कोयंडा. वाऱ्यानं पडदा हलला की कडी खुळखुळायची आणि आबा आतून ओरडायचे, "कोन शे?" आता वारा काय सांगणार कोण आहे ते. मग आबा बाहेर येऊन इकडंतिकडं बघायचे आणि आत जाऊन परत कडी लावून घ्यायचे.

कडी वाजवल्याशिवाय आत गेलेलं त्यांना चालायचं नाही. पडदा अर्धा उघडा असायचा, आत बसलेले आबा सरळ दिसायचे, त्यांच्या हातातला चहासुद्धा दिसायचा, तरी कडी वाजवायची. पोस्टमननं एकदा वाकून फटीतून पत्र दिलं तर ते घेईनात. म्हणाले, "हाई घर शे, सर्कस नही. कडी वाजाड." पोस्टमननं वाजवली, आबा उठले, कडी काढली, पत्र घेतलं, कडी लावली. पत्र आमचं होतं.

मी तेव्हा नवीनच जळगावला आलेली. हे दालमिलमध्ये कामाला लागले, आबांच्या घरात मागची एक खोली मिळाली, आणि वर्षाच्या आत बाळ झालं. सासर पहूरचं, सासूबाई तिकडंच राहायच्या. मला तर जळगावात सगळ्याचीच भीती वाटायची, कुकरची शिट्टी, रॉकेलच्या दुकानातली रांग, बाळाची टाळू, आणि सगळ्यात जास्त आबांची. आबा मूळचे धुळ्याकडचे, चाळीस वर्षं जळगावात काढली तरी बोलणं अहिराणीच. मला अर्धं कळायचं आणि अर्धं कळलं नाही तरी मी मान हलवायची. तिथंच सगळा घोटाळा झाला.

आबा म्हणजे धाब्याचा, म्हणजे मातीच्या सपाट छताचा माणूस. सागाचे सर, त्यावर फळ्या, त्यावर निंबाचा पाला, मग माती, आणि सगळ्यात वर खारी, ती पांढरी माती, पाऊस लागला की फुगते आणि भेग बुजवून टाकते. दरसाल मृगाच्या आधी ती टाकावी लागते. आबांच्या हाताची खारी पडली की पाच गावच्या लोकांना झोप लागायची म्हणे. आमचं घर कधीच गळलं नाही, हे खरं आहे, खोटं कशाला बोलू. तरी आबा भर उन्हाळ्यात, डोकं फुटेल अशा उन्हात वर जाऊन अनवाणी चालायचे, थांबायचे, कान लावायचे, आणि खाली येऊन मला विचारायचे, "रातले थेंब पडना का?" मे महिन्यात! मी मान हलवायची.

त्यांचं एक बोलणं ठरलेलं होतं. "पाणीसंगे भांडानं नही. त्याले वाट दखाडानी." पाण्याशी भांडू नये, त्याला वाट दाखवावी. नळाला धार कमी आली तरी हेच म्हणायचे, अक्का रडल्या तरी हेच म्हणायचे. अक्का म्हणजे त्यांच्या घरच्या. अक्का रडायच्या कमी, बोलायच्या जास्त.

तो तंबू त्यांनी भुसावळहून आणला. तिथं जुनं सामान विकणारे बसतात, त्यांच्या ढिगाऱ्यातून. हिरवट रंगाचा, आठ माणसं मावतील एवढा, उग्र वास मारणारा. दोन खांबांपैकी एकच होता, दुसऱ्याच्या जागी आबांनी निंबाची फांदी लावली. अंगणात उभा केला, पाच बायका बोलावून हळदीकुंकू केलं, दारात लाकडी उंबरठा ठेवला. त्या उंबरठ्याला अडखळून सगळ्यात आधी आबाच पडले. अक्का म्हणाल्या, "झाली वास्तुशांत."

तीन महिने तो अंगणात होता. कपडे वाळत घालायला जागा नाही. अक्कांनी एक दिवस ठरवलं की आज याचा निकाल लावायचा. त्या बादली घेऊन धाब्यावर गेल्या आणि वरून म्हणाल्या, "मी ओतते. गळला तर उद्या भंगारवाल्याला द्यायचा. कबूल?"

"कबूल," आबा म्हणाले, आणि आत जाऊन बसले. साक्षीला मला बसवलं, बाळाला घेऊन.

वरून पाणी पडलं तसं चौदा जागी गळायला लागलं. मी मोजले. एक थेंब माझ्या नाकावर, एक आबांच्या टोपीवर, एक सरळ चहात. मी बाळावर वाकून बसले. आबा वर बघतात, थेंबाकडं बघतात, आणि म्हणतात, "हाऊ घाम शे. नवा कापडले घाम फुटस."

बाहेरून अक्का, "काय गं, गळतो का?"

आबा माझ्याकडं बघायला लागले. आता मी काय करू? खोली त्यांची, भिंत त्यांची, डोक्यावरचं धाबं त्यांच्या हातचं. नाकावरून थेंब ओघळत होता माझ्या, तरी मी म्हटलं, "नाही अक्का, नाही गळत."

आबांचा चेहरा असा फुलला की काय सांगू. त्या दिवसापासून जो येईल त्याला सांगायचे, "हाई पोर सोता सांगस, गळस नही म्हनीसन." अक्का मला दोन दिवस बोलल्या नाहीत. माझं नाक त्यांनी पाहिलं होतं ना.

तरी मनात आबांना कुठंतरी कळलंच असावं, कारण त्यांनी औषध सुरू केलं. केळीचा चीक काढायचा आणि जवसाच्या तेलात घालून आटवायचा. त्यांच्या मामांनी म्हणे बैलगाडीच्या कापडाला असंच लावलं होतं आणि मामा वारले तरी कापड टिकलं. केळीचे खांब आणले, अंगणात कापाकापी, चीक सगळीकडं. केळीचा डाग जन्मात जात नाही. आबांच्या तीन सदऱ्यांवर, अक्कांच्या लुगड्यावर, माझ्या वाळत घातलेल्या दुपट्यांवर, सगळीकडं काळपट ठिपके, आमचं अख्खं घर चित्त्यासारखं दिसायला लागलं. आबांनी दारापासून सुरुवात केली, दाराच्या पडद्याला सात हात लावले, आतून बाहेरून, अगदी कडीच्या दोऱ्यापर्यंत. मग अक्कांनी तेलाचा डबा आत नेऊन ठेवला आणि सांगितलं, "एवढ्या तेलात माझ्या गुडघ्यांचं आयुष्य निघालं असतं." झालं. औषध लागलं ते एकट्या दाराला. काळंकुट्ट, कडक, पापडासारखं वाजायचं. आणि पावसाळा लागायच्या आत अक्कांनी तंबू गुंडाळून आत टाकायला लावला.

दिवाळीनंतर माझ्या बाळाला डबा झाला, डॉक्टर न्यूमोनिया म्हणाले. छातीत घरघर, पोट आत ओढलं जायचं, चार दिवस दवाखान्यात होतो. मी त्या चार दिवसांत काय काय बोलले देवाशी ते नाही सांगत. बाळ बरं झालं, पण सासूबाई आल्या आणि खाटेशी बसून हळूच बोलल्या; ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "पाह्य वं, याले आता पाणी लागू द्यायचं नाही, गार लागू द्यायचं नाही. लागलं, तर मी याले पहूरले घेऊन जाईन. मोठा होईपर्यंत माझ्यापाशी राहील. तुले नाही झेपत."

तुले नाही झेपत. हे शब्द मी भांडी घासताना ऐकायची, झोपेत ऐकायची. बाळाला तीन टोप्या घालायची. दोन महिने खोलीचं दार उघडलं नाही. यांनी काही म्हटलं तर मी रडायची.

आणि पौषात आबा आले, कडी वाजवून, म्हणजे आमच्या दाराची. म्हणाले, शेतात भरीत करायचं, बठ्ठा चला, म्हणजे सगळे, शनिवारी जायचं, मुक्काम तंबूत, रविवारी दुपारी परत. त्यांचं शेत पहूरच्याच रस्त्याला होतं, बसनं तासाभरावर. मी नाही म्हणणार होते. खरंच म्हणणार होते. पण केळीचं बन, पऱ्हाटीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याचा वास, उघडं आभाळ, मला इतकं बाहेर जावंसं वाटत होतं की मी मान हलवली. सासूबाई रविवारी संध्याकाळी येणार होत्या. आपण चारलाच परत येऊ, त्यांना कशाला कळेल, असं मीच यांना म्हटलं.

रात्र छान गेली. आबांनी कडी लावली आणि दाराशी काठी घेऊन झोपले. सकाळी सगळ्यांनी बाहेर जायला कडी काढून घेतली, आत यायला वाजवली. ऊन होतं. अक्कांनी आणि मी वांगी भाजली, यांनी लाकडी मुसळानं कुटली, हिरव्या मिरच्या, कांद्याची पात, शेंगदाणे. कळण्याच्या पुऱ्या झाल्या. बाळ तीन टोप्यांत बसून केळीच्या पानाकडं बघून हसत होतं. मला वाटलं, किती दिवसांनी आपण श्वास घेतोय.

आणि मग सातपुड्याकडून काळं आलं. पौषात! पहिली पुरी तोंडात गेली आणि टपाटप सुरू.

"बठ्ठा घरमा चला!" आबा ओरडले. आनंदानं ओरडले हो. त्या दिवसाची वाट बघत होते ते.

घरात गेलो. कडी लावली. दोन मिनिटं काही नाही. आबा एकेकाच्या तोंडाकडं बघतात. मग वरून एक थेंब भरतात पडला. मग दुसरा. मग मोजायचं मी सोडून दिलं. बाळाला मी पोटाशी घेतलं, पदर टाकला, पदर भिजला, दुपटं टाकलं, दुपटं भिजायला लागलं.

"अहो, मोटारीच्या खोलीत जाऊ या," अक्का म्हणाल्या. विहिरीजवळ पंपाची पक्की खोली होती.

आबांनी खिसा चाचपला. किल्ली दुसऱ्या सदऱ्यात. तो सदरा केळीच्या डागांचा, चारचौघांत बरा दिसत नाही म्हणून अक्कांनीच घरी ठेवायला लावलेला.

"काही हरकत नही," आबा म्हणाले. "खारी आनेल शे."

खरंच आणली होती. दोन गोण्या! आम्हाला वाटलं गोण्यांत वांगी आहेत. आबा पावसात बाहेर गेले, विहिरीजवळची शिडी आणून शेजारच्या झाडाला लावली, आणि जिथं जिथं गळत होतं तिथं वरून मूठ मूठ खारी टाकायला लागले. धाब्यावर टाकतात तशी. कापडावर! आतून आम्हाला त्यांचा आवाज, "आते? आते गळस का?" आणि गळायचं तर होतंच, आता पांढरं गळायला लागलं. यांच्या मिशा पांढऱ्या, अक्कांचं कपाळ पांढरं, भरीत तर दहीभातासारखं दिसायला लागलं. अक्का म्हणाल्या, "पिठलं करायला घेतलंय का वरून?"

खारी भिजली, जड झाली, छताला पोट आलं. म्हशीच्या पोटाएवढं. त्या पोटात पाणी साचलं, त्यावर आबांनी अजून खारी टाकली. हे खालून मुसळानं ते पोट वर ढकलतात, आबा वरून थोपटतात. निंबाची फांदी कडकड करायला लागली. बाळ शिंकलं.

एकच शिंक. पण तेवढ्यानं मला सासूबाई दिसल्या, बाळाचं गाठोडं घेऊन बसमध्ये चढणाऱ्या, मागं वळून न बघणाऱ्या. मी आयुष्यात कुणावर ओरडले नव्हते. मी ओरडले, "आबा, तुमचा तंबू गळतो! पहिल्या दिवसापासून गळतो! चौदा जागी गळत होता, मी मोजले होते, मी खोटं बोलले होते, मला भीती वाटली म्हणून! आबा, माझं लेकरू घेऊन जातील हो सासूबाई!"

वरची थोपटाथोपटी थांबली. यांच्या हातातलं मुसळ थांबलं.

मग कडी वाजली. आबा दारात उभे होते, पांढरेफटक, आणि त्या परिस्थितीतही कडी वाजवून उभे. अक्कांनी काढली. आबांनी दाराच्या पडद्याला आतून हात लावला. वरून धो धो, आणि आतून तो सुका खडखडीत. तेवढं एकच दार सुकं होतं सगळ्या तंबूत. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, बाळाकडं पाहिलं, आणि विळा मागितला.

"अहो, काय करता?" अक्का म्हणाल्या.

"वाट दखाडस," आबा म्हणाले, आणि दार वरून कापायला लागले, बाजूच्या कापडातला कोयंड्यासकट तुकडाही घेतला. हळदीकुंकू लावलेलं दार. कापता कापता त्यांचे ओठ हलत होते, शिव्या की देवाचं नाव कुणास ठाऊक. दार हातात आलं आणि त्यांनी ते बाळाभोवती असं गुंडाळलं, एकदा, दोनदा, आणि कडी कोयंड्यात अडकवून टाकली. बाळाचं फक्त नाक बाहेर. आणि मागं सगळा तंबू, खारी, पाणी, निंबाची फांदी, सगळं यांच्या अंगावर आणि भरतावर बसलं.

आबांनी वळून बघितलं. मग म्हणाले, "आते गळना." आता गळला म्हणे.

आम्ही रस्त्यावर आलो आणि जी पहिली बस दिसली तिला हात केला. ती पहूरहून येणारी. चार माणसं चढली, पांढरी भुतं, एकाच्या हातात मुसळ, ते यांनी का आणलं ते यांनाही माहीत नाही. कंडक्टर म्हणाला, "कुठल्या चुन्याच्या भट्टीतून?" आणि त्याच्या मागच्याच सीटवर, पिशवी मांडीवर घेऊन, सासूबाई बसलेल्या, संध्याकाळऐवजी दुपारीच निघालेल्या.

मी गाठोडं पदराआड घेतलं.

"पोरगं कुठं हाये?" सासूबाई म्हणाल्या. बाकी काही नाही.

मी ते काळं गाठोडं पुढं केलं. त्यांनी उघडायला हात घातला, तर आबा पुढं येऊन म्हणाले, "पहिले कडी वाजाडा."

मला वाटलं आता संपलं सगळं. सासूबाईंनी आबांकडं खालपासून वरपर्यंत बघितलं. आणि काय वाटलं त्यांना कुणास ठाऊक, खुळखुळ, वाजवली. मग काढली. तीनही टोप्या काढून डोक्याला हात लावला. कोरडं. छातीला लावला. कोरडं, ऊबदार. त्यांनी हात खाली नेला आणि थांबल्या.

"ओलं हाये."

सगळी बस माझ्याकडं बघत होती. "ओलंचिंब हाये वं हे!" म्हणत त्यांनी हात बाहेर काढला, नाकाशी नेला, आणि हुंगला. परत हुंगला. मग गाठोडं उलटं करून त्याची पाठ बघितली. वर पावसाचे थेंब अळूच्या पानावर असतात तसे उभे, आणि आतलं एक टिपूस बाहेर नाही.

"हे आभाळाचं पाणी नाही," सासूबाई कंडक्टरला म्हणाल्या, जसं काही त्यानंच विचारलं होतं. "हे याचं सोताचं हाये. बाहेरचं आत नाही, अन आतलं बाहेर नाही." मग आबांना, "हे कापड कुठून घेतलं हो भाऊ?"

"ते आमनं दार शे," आबा म्हणाले.

सासूबाईंनी बाळाला पुसलं, आपल्या पिशवीतलं कोरडं लुगडं काढलं, अर्धं त्याला गुंडाळलं आणि उरलेलं अर्धं माझ्या डोक्यावर टाकलं. "अन तू कशी एवढी भिजली? सगळं पांघरूण त्याच्यावरच घातलं का?" मी मान हलवली. या वेळी खरी. त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "झेपतं तुले. बस खाली."

आबांना महिनाभर खोकला होता. अक्का जवसाचं तेल छातीला चोळायच्या आणि म्हणायच्या, "चीक पण घालू का त्यात?"

पुढं यांना धुळ्याला काम लागलं, आम्ही निघालो, तेव्हा आबांनी ते दार धुऊन, घडी करून, कडीसकट बाळाला दिलं. बाळ आता शाळेत जातं. धाकटी दुपट्यात आहे, आणि ते दार तिच्याखाली असतं, अजून पापडासारखं वाजतं. परवा आबा आले होते तिला बघायला. आमच्या धुळ्याच्या दाराला बेल आहे, तरी त्यांनी कडीच वाजवली. आत आले, शेजारच्या चार बायका बसल्या होत्या, त्यांना म्हणाले, "कोन म्हने आबाना तंबू गळस?" आणि कुणी काही म्हणायच्या आत धाकटीला उचलून माझ्याकडं दिलं आणि त्या कापडावर तांब्याभर पाणी ओतलं.

पाणी उभं राहिलं. खरंच, काचेसारखं. बायका वाकून बघायला लागल्या. आबा माझ्याकडं बघून म्हणाले, "सांग पोरी. गळस का?"

"नाही आबा," मी म्हटलं. "नाही गळत."

आबांचा चेहरा फुलला. मग त्यांनी एक बोट त्या पाण्यात घातलं, कडेपर्यंत ओढत नेलं, त्याला नीट वाट दाखवली, आणि सगळं पाणी माझ्या नव्या गादीत गेलं.